थंडीचा काढा : पाकविधी, प्रमाण आणि प्रवाद

विषयाची कक्षा

आले, तुळस, मिरे, दालचिनी, लवंग आणि गवती चहा यांपैकी चार-दोन जिन्नस पाण्यात उकळून, त्यात गूळ विरघळवून, ते पाणी गरम असतानाच घोटाघोटाने प्यावयाचे, हा थंडीच्या दिवसांतील परिपाठ महाराष्ट्रात इतका जुना आणि इतका सर्वसामान्य आहे की, त्यावर वाद होऊ शकेल अशी कल्पनाही पूर्वी कोणास आली नसती. गेल्या काही वर्षांत मात्र या साध्या पेयाभोवती तीन पक्ष उभे राहिलेले दिसतात. एकाचे म्हणणे असे की, हा काढा पिढ्यांच्या अनुभवाचा अर्क असून तो शरीराची प्रतिकारशक्ती वाढवितो. दुसऱ्याचे म्हणणे असे की, त्यात ऊन पाणी आणि समाधान यांखेरीज फारसे काही नाही. तिसरा पक्ष वैद्यांमधलाच आहे, आणि तो म्हणतो की द्रव्ये उत्तम आहेत, पण ती ज्याला, ज्या ऋतूत आणि ज्या प्रमाणात दिली जातात त्यांत गफलत आहे. या तिन्ही पक्षांची कैफियत निःपक्षपातीपणाने मांडणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. मात्र हे काम करीत असता एक गोष्ट वारंवार नजरेस येते, ती आरंभीच नमूद करणे इष्ट ठरेल : तिन्ही पक्षांच्या डोळ्यांसमोरचा प्याला एकच नाही. कोणी औषधाविषयी बोलत असतो, कोणी पेयाविषयी, आणि या दोहोंमधील अंतर शब्दांत सांगण्यापेक्षा तोळ्यामाशांत मोजून सांगणे अधिक सयुक्तिक आहे.

ग्रंथोक्त पूर्वपीठिका

वनस्पतीतील गुण औषधात उतरविण्याच्या ज्या रीती चरकसंहितेच्या सूत्रस्थानात सांगितल्या आहेत, त्या पाच आहेत : स्वरस, म्हणजे अंगरस, कल्क, म्हणजे चटणीसारखा वाटलेला गोळा, शृत, म्हणजे काढा, शीत, म्हणजे थंड पाण्यात रात्रभर भिजवून काढलेले पाणी, आणि फांट, म्हणजे उकळत्या पाण्यात द्रव्य टाकून, कुस्करून, गाळून घेतलेले पाणी. आपण आज ज्याला चहा म्हणतो तो, न उकळता केला तर, तंतोतंत फांटच होय. या पाचांचे बळ उतरत्या क्रमाने मानलेले आहे. स्वरस सर्वांत भारी आणि फांट सर्वांत हलका. यावरून हे उघड होते की, द्रव्य तेच असले तरी रीत बदलताच कार्य बदलते, हा विचार त्या काळीही पूर्णपणे प्रस्थापित होता.

प्रमाणाचा तपशील शार्ङ्गधरसंहितेत येतो. एक पल भरड द्रव्यास सोळा पट पाणी घालून, मंद विस्तवावर आटवून, आठवा हिस्सा उरवावा, असे तेथील क्वाथाचे मान आहे. फांटास एक पल चूर्ण आणि एक कुडव, म्हणजे चार पल, ऊन पाणी. आधुनिक औषधिसंग्रहांनी पलाची किंमत ४८ ग्रॅम ठरविली आहे. तेव्हा हिशेब असा होतो : ४८ ग्रॅम भरड, ७६८ मिलिलिटर पाणी आणि हाती उरणारा काढा ९६ मिलिलिटर, म्हणजे प्रत्येक मिलिलिटरमागे अर्धा ग्रॅम द्रव्य. आजचे वैद्य बहुधा यापेक्षा पुष्कळ कमी देतात, आणि मिऱ्यासारख्या तीक्ष्ण द्रव्यास हे मान लावण्याचा विचार कोणी करणारही नाही. तथापि ग्रंथाच्या कल्पनेतील काढा किती घट्ट होता, हे या आकड्यांवरून ध्यानात यावे.

आता द्रव्यांकडे वळू. चरकाने दहा-दहा द्रव्यांचे जे पन्नास गण बांधले आहेत, त्यांपैकी एक शीतप्रशमन, अर्थात थंडी शमविणारा, असा आहे. त्यात तगर, अगरू, धणे, आले, भूतीक (जो बहुतेक टीकाकारांच्या मते ओवा), वेखंड, रिंगणी, ऐरण, टेटू आणि पिंपळी ही येतात. वाचकांस आश्चर्य वाटेल, पण या यादीत तुळस नाही, मिरे नाहीत आणि दालचिनीही नाही. तुळशीचे स्थान अन्यत्र आहे : चरकाच्या श्वासहर गणात ती सुरसा या नावाने येते, आणि सुश्रुताच्या ज्या गणास तिचेच नाव मिळाले आहे तो सुरसादी गण कफ, पडसे, अरुची, दमा आणि खोकला यांवर सांगितला आहे. थंडी घालविणे आणि पडसे घालविणे ही शास्त्राच्या दृष्टीने दोन भिन्न कामे होती, ती आपल्या घरगुती काढ्यात एकवटली.

याहून मोठी अडचण ऋतुचर्येची आहे. हेमंतात बाहेरच्या थंडीने शरीरातील ऊष्मा कोंडला जाऊन जठराग्नी प्रबळ होतो, म्हणून त्या काळात दूधदुभते, गूळ-साखरेसारखे उसाचे पदार्थ, स्निग्ध अन्न आणि गरम पाणी यांचे सेवन करावे, असे चरक सांगतो; आणि पुढे शिशिरात तिखट, कडू, तुरट, वातकर, हलके व शीत असे खाणेपिणे वर्ज्य करावे, अशी स्पष्ट आज्ञा करतो. म्हणजे गुळाच्या काढ्यातील गुळाला आणि गरम पाण्याला ग्रंथाचा आधार मिळतो, मिऱ्यांना मात्र नित्यपेय म्हणून मिळत नाही! तिखट-रूक्ष उपचारांची खरी वेळ वसंताची, कारण हिवाळ्यात साचलेला कफ तेव्हा पातळ होऊन उपद्रव करू लागतो. निरोगी माणसाने पौष-माघात रोज तिखट काढा प्यावा याला ऋतुचर्येत दाखला शोधणे कठीण आहे; पडसे झालेल्याने तो चार दिवस प्यावा याला मात्र पुष्कळ आहे. परंपरेचे नाव घेऊन बोलणाऱ्यांनी हा भेद बहुधा सोडून दिलेला आढळतो.

स्वयंपाकघरातील परंपरा आणि चहाचे आगमन

ग्रंथ आणि स्वयंपाकघर यांचा व्यवहार नेहमीच दुतर्फा चालत आला आहे. पश्चिम किनाऱ्यावर मिरे, आले, वेलदोडे आणि दालचिनी यांचा व्यापार शतकानुशतके चालत असल्यामुळे ही द्रव्ये औषधाच्या पुडीआधी फोडणीच्या डब्यात आलेली होती. गोव्यात १५६३ साली छापल्या गेलेल्या गार्सिया द ऑर्ता या पोर्तुगीज वैद्याच्या संवादरूप ग्रंथात या मालाची चर्चा औषध आणि व्यापार या दोन्ही नात्यांनी केलेली आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस विल्यम डायमॉक आणि त्याच्या दोन सहकाऱ्यांनी देशी वनौषधींचा जो बृहत्संग्रह सिद्ध केला, तोही याच मालाच्या बाजारी आणि वैद्यकीय माहितीने भरलेला आहे. मराठी घरांत मात्र या विद्येचा प्रसार झाला तो शंकर दाजीशास्त्री पदे यांच्या ‘आर्यभिषक्’सारख्या पुस्तकांनी. ज्यांच्या घरी वैद्य येऊ शकत नव्हता त्यांच्या फडताळावर ते असे.

प्रांतोप्रांतीचे प्रकार पाहू गेल्यास विविधता मनोरंजक आहे. देशावर आले, तुळस, गवती चहा आणि गूळ यांचा कोरा काढा. खोकला धरला की त्यात ज्येष्ठमध, बेहडा आणि अडुळशाचे पान. गोव्यातील व कारवारकडील सारस्वत घरांत धणे, जिरे, बडीशेप आणि थोडे मिरे भाजून, कुटून, दूध व गूळ घालून केलेला कषाय थंडी-पावसाचे नित्याचे पेय म्हणून चालतो, आणि चरकाच्या शीतप्रशमन गणातील धणे जर कोठे टिकून राहिले असतील तर ते येथेच, हे पाहून अभ्यासकाला कौतुक वाटल्यावाचून राहत नाही. दक्षिणेत सुंठीची कॉफी आहे. युनानी हकिमांचा जोशांदा याहून निराळा : त्यात बनफशा, उन्नाब, खत्मी, ज्येष्ठमध आणि सपिस्तान, म्हणजे आपले भोकर, ही बहुतांशी बुळबुळीत, घशास लेप देणारी द्रव्ये असतात. आयुर्वेदीय घरगुती काढा कफाला तिखटाने कापू पाहतो, तर जोशांदा त्याला मऊ करून सोडवू पाहतो. हे दोन्ही काढे आज एकाच दुकानात शेजारी शेजारी विकले जातात आणि घेणारा फारशी चौकशी न करता घेतो.

चहाची गोष्ट मात्र अलीकडची. पुण्यात १८९० साली पंचहौद मिशनमध्ये गोपाळराव जोशी यांच्या निमंत्रणावरून रानडे-टिळकांसह शहरातील प्रतिष्ठित मंडळी जमली, त्यांच्यापुढे चहा आला, आणि त्यावरून ग्रामण्य माजून प्रकरण शंकराचार्यांच्या निर्णयापर्यंत आणि प्रायश्चित्तापर्यंत गेले, हे सर्वश्रुत आहे. तेथे आक्षेप चहाच्या गुणधर्माला नव्हता, तो कोणाच्या घरचा होता याला होता. पुढे आक्षेपाचे स्वरूप आरोग्याचे झाले. महात्मा गांधींनी आगाखान राजवाड्यातील स्थानबद्धतेत १९४२ साली आरोग्यावर जे छोटे पुस्तक लिहिले, त्यात चहातील टॅनिनवर ठपका ठेवला आहे. दरम्यान १९०३ च्या कायद्याने बसविलेल्या उपकरातून चहाचा प्रचार सुरू झाला होता. प्रचारकांची शिकवण अशी की चहा उकळू नये, ऊन केलेल्या किटलीत मुरवावा. पण लोकांनी पत्ती, पाणी, दूध, साखर, आले आणि वेलदोडा एकाच पातेल्यात घालून खळखळा उकळण्याचा आपला परिपाठ सोडला नाही. फांटाचे द्रव्य क्वाथाच्या रीतीने केले गेले असे म्हणता येईल. १९३० नंतर निघालेल्या यंत्राचा दाणेदार, कडक आणि स्वस्त चहा या उकळण्यास चांगलाच मानवला, आणि मसाल्याचा चहा अखिल भारताचा झाला.

२०२० चा शासकीय दाखला

महामारीच्या आरंभी, ३१ मार्च २०२० रोजी, केंद्राच्या आयुष मंत्रालयाने स्वसंरक्षणाच्या उपायांचे जे पत्रक काढले, त्यात तुळस, दालचिनी, मिरे, सुंठ आणि मनुका यांचा काढा दिवसातून एकदा किंवा दोनदा, चवीपुरता गूळ अथवा लिंबाचा रस घालून, घ्यावा, अशी शिफारस होती. पुढील महिन्यात ‘आयुष क्वाथ’ या नावाने त्याचे प्रमाणही निश्चित करण्यात आले : तुळस चार भाग, दालचिनी दोन, सुंठ दोन, मिरे एक; याचे ३ ग्रॅम चूर्ण १५० मिलिलिटर उकळलेल्या पाण्यात टाकून चहाप्रमाणे प्यावयाचे. घरातील परिपाठास सरकारी दप्तरात आकड्यानिशी स्थान मिळाले ते असे.

आता मघाचा हिशेब पुन्हा मांडू. ३ ग्रॅमला १५० मिलिलिटर म्हणजे मिलिलिटरमागे द्रव्याचे प्रमाण एका ग्रॅमचा पन्नासावा भाग. शार्ङ्गधराच्या क्वाथाशी तुलना करता हा प्याला पंचवीस पट पातळ ठरतो, आणि फांटाशी केली तरी साडेबारा पट. त्याचे नाव क्वाथ, कृती फांटाची आणि घनता साध्या चहाची. यात दोष आहे असे मुळीच नव्हे. कोट्यवधी निरोगी लोकांना वैद्याच्या देखरेखीवाचून जे द्यावयाचे ते पातळच असले पाहिजे, आणि मसुदा करणाऱ्यांनी येथे विवेक दाखविला असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. परंतु त्याचबरोबर क्वाथाच्या ग्रंथोक्त गुणांची सर्व फलश्रुती या प्याल्याच्या पदरात टाकता येणार नाही.

शिवाय काळाचा विपर्यास झाला तो वेगळाच. हे पत्रक आले ते चैत्रात. हिवाळ्यातील पेय लोकांनी वैशाखवणव्यात, आणि कित्येकांनी घरच्या अंदाजाने दुप्पट-तिप्पट घट्ट करून, दिवसातून तीन-चार वेळा प्यायले. छातीत जळजळ, तोंड येणे, नाकातून रक्त जाणे अशा तक्रारी येऊ लागल्यावर अनेक वैद्यांनीच आवरण्याचा इशारा दिला, आणि त्यांच्यामागे आधारही होता : भावप्रकाशात ग्रीष्म आणि शरद या ऋतूंत, तसेच रक्तपित्त, दाह आणि ज्वर यांत आले हितकर नाही असे म्हटलेले आहे.

पक्ष आणि पुरावे

पहिल्या पक्षाचा मुख्य दावा प्रतिकारशक्तीचा. त्याच्या समर्थनार्थ प्रयोगशाळेतील पुष्कळ निष्कर्ष पुढे केले जातात, आणि ते खोटे नाहीत. उदाहरणार्थ, तैवानमधील संशोधकांनी २०१३ साली दाखविले की, ताज्या आल्याचा काढा श्वसनमार्गाच्या पेशींवर टाकला असता एका श्वसनविषाणूचा प्रादुर्भाव कमी होतो. सुंठीच्या काढ्याने मात्र तसे झाले नाही. हा निष्कर्ष काचेच्या तबकडीतील पेशींवरचा आहे. पोटात गेलेला काढा यकृतातून पार होऊन घशाच्या पेशीपर्यंत किती पोहोचतो, हा प्रश्न तेथे उद्भवत नाही आणि प्रत्यक्षात तोच निर्णायक असतो. प्रतिकारशक्ती हीदेखील वर चढविता येईल अशी एकच एक गोष्ट नसून अनेक परस्परविरोधी क्रियांचा समतोल आहे, ही दुसऱ्या पक्षाची हरकत रास्त आहे.

दुसऱ्या पक्षाची बाजूही तितकीच तपासून घेतली पाहिजे. पडसे दोनशेहून अधिक विषाणूंमुळे होऊ शकते आणि ते बहुधा आठ-दहा दिवसांत आपोआप बरे होते. तेव्हा चौथ्या दिवशी घेतलेले कोणतेही औषध दहाव्या दिवशी यशस्वी ठरते, हे त्यांचे म्हणणे तर्कशुद्ध आहे. परंतु ‘केवळ गरम पाणी’ असे म्हणून ते गरम पाण्यालाच कमी लेखतात. कार्डिफ विद्यापीठाच्या पडसे संशोधन केंद्रात २००८ साली ३० रुग्णांवर केलेल्या प्रयोगात फळांच्या रसाचे एकच पेय काहींना गरम आणि काहींना खोलीच्या तपमानाचे दिले गेले. नाकातील हवेचा प्रवाह यंत्राने मोजला तेव्हा त्यात फरक आढळला नाही. पण गरम पेय घेतलेल्यांना नाक गळणे, खोकला, शिंका, घशाची खवखव, हुडहुडी आणि थकवा या सर्वांत तत्काळ आराम वाटला. त्याआधी १९७८ मध्ये अमेरिकेत केलेल्या एका प्रयोगात गरम पाणी आणि कोंबडीचे गरम सूप यांनी नाकातील शेंबूड सरकण्याचा वेग वाढल्याचे दिसले होते, मात्र अर्ध्या तासात तो पूर्ववत झाला. आराम खरा आहे, अल्पकालिक आहे आणि त्याचा बराचसा वाटा उष्णतेचा आहे. याहून अधिक या पुराव्यातून काढता येत नाही, आणि याहून कमीही नाही.

मग मसाल्यांना श्रेय कोणते? शरीरात ऊब आल्याची जी जाणीव होते, तिचा उलगडा गेल्या तीस वर्षांत झाला आहे. मज्जातंतूंच्या टोकांवर उष्णता ओळखणारा एक ग्राही असतो. मिरचीतील कॅप्सायसिन त्याला उत्तेजित करते, हे डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने १९९७ साली दाखविले आणि या संशोधनाबद्दल त्यांना २०२१ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. मिऱ्यातील पायपरीन आणि आल्यातील जिंजेरॉल हीही त्याच ग्राहीवर कार्य करतात. मेंदूला भाजल्याचा निरोप जातो, घाम येतो, नाक वाहू लागते, मोकळे वाटते. शरीराचे तपमान मात्र त्या मानाने जागच्या जागी असते. यास भास म्हणावे की गुण म्हणावे? औषधीशास्त्राच्या दृष्टीने तो गुणच आहे, फक्त तो विषाणूवर नसून मज्जातंतूवर आहे.

काही द्रव्यांच्या बाबतीत तर दुसऱ्या पक्षाने हात आखडता घेण्याचे कारणच नाही. अडुळशातील व्हॅसिसीन या द्रव्यापासून ब्रोमहेक्सिन हे कफ पातळ करणारे औषध संश्लेषित झाले आणि आज ते जगभर लिहून दिले जाते. मधाने मुलांचा खोकला काही अंशी शमतो, हे एकाहून अधिक चाचण्यांत दिसून आले आहे. पण अडुळसा रोजच्या काढ्यात नसतो, आणि मधाबद्दल निराळाच तंटा आहे, तो पुढे येईल.

करण्याची रीत

वादाची खरी जागा पातेले ही होय. तुळस, गवती चहा, वेलदोडा आणि लवंग यांचा गुण मुख्यतः उडून जाणाऱ्या तेलात असतो. तुळशीत व लवंगेत युजेनॉल, गवती चहात सिट्रल. सुंठ, ज्येष्ठमध आणि दालचिनीची साल ही कठीण द्रव्ये. त्यांतील सत्त्व पाण्यात उतरावयास वेळ लागतो. सर्व जिन्नस एकदम टाकून वीस मिनिटे उकळले, तर घरभर सुगंध सुटतो आणि करणारी कृतकृत्य होते. परंतु जो सुगंध घरभर सुटला तो प्याल्यात उरला नाही हे उघड आहे. रसायनशास्त्राच्या दृष्टीने योग्य क्रम असा ठरेल की, कठीण द्रव्ये भरड कुटून आधी दहा-पंधरा मिनिटे मंद आचेवर उकळावीत, ठेचलेले आले शेवटच्या पाच मिनिटांत घालावे, आणि पातेले खाली उतरविल्यावर तुळस, गवती चहा आणि वेलदोडे टाकून झाकण ठेवून मुरू द्यावे. दोन प्याले पाण्यास बोटाच्या पेराएवढे आले, चार-पाच मिरे, दालचिनीचा लहान तुकडा, आठ-दहा तुळशीची पाने आणि गवती चहाच्या दोन पाती एवढे पुरेसे होते.

झाकणावरून वैद्यांशी मतभेद आहे. भांड्याचे तोंड झाकून काढा केल्यास पाणी पचावयास जड होते, म्हणून क्वाथ उघड्या भांड्यात करावा, असे वैद्यकपरंपरेतील वचन आहे. तेल राखावयाचे असेल तर झाकण हवे, आणि काढा हलका हवा असेल तर नको. वर सांगितलेल्या क्रमात दोन्ही अटी पाळता येतात, कारण उकळताना भांडे उघडे आणि मुरताना झाकलेले राहते. पण ही तडजोड आहे, निकाल नव्हे.

आले की सुंठ, हाही असाच प्रश्न. आले वाळताना आणि तापताना त्यातील जिंजेरॉलचे शोगाओलमध्ये रूपांतर होते, आणि ते अधिक तिखट असते. भावप्रकाशानेही आले रूक्ष व जड, सुंठ स्निग्ध व हलकी, असा भेद केला आहे. तैवानच्या प्रयोगातील फरक लक्षात घेता दोन्हींना एकमेकांचा बदली मानण्याचा आपला प्रघात दोन्ही शास्त्रांना मान्य होणारा नाही. शासकीय क्वाथात सुंठ आहे, कारण आले पुडीत भरता येत नाही.

दुधाची बाब याहून गुंतागुंतीची. मुळा, लसूण, शेवगा, सुरसा इत्यादी खाऊन त्यावर दूध पिऊ नये, असा निषेध चरकाने विरुद्धाहाराच्या प्रकरणात नोंदविला आहे. म्हणजे तुळस घातलेला दुधाचा चहा, जो लाखो घरांत सकाळ-संध्याकाळ होतो, तो या वचनाच्या कक्षेत येतो. काही वैद्य हा निषेध शब्दशः पाळतात. काहींच्या मते दोन-चार पानांच्या अल्प मात्रेला तो लागू नाही. आधुनिक आहारशास्त्राला यात अपाय दिसत नाही. मधाच्या बाबतीतही चरकाचा निषेध आहे : तापविलेला मध, आणि उष्णतेने पीडित झालेल्या माणसाने घेतलेला मध, दोन्ही त्याज्य. खोकल्यावर मधाचा जो उपयोग चाचण्यांत दिसला तो बहुधा चमच्याने दिलेल्या मधाचा होता. तेव्हा काढा कोमट झाल्यावर मध घालणे किंवा वेगळा चाटणे हे दोन्ही पक्षांस मान्य व्हावे. एक वर्षाच्या आतील मुलास मात्र मध कोणत्याही रूपात देऊ नये; त्यातील जिवाणूंच्या बीजांमुळे बॉट्युलिझम होण्याचा धोका असतो, आणि याबद्दल वाद नाही.

अपायांचा प्रश्न

घरगुती म्हणून निरुपद्रवी, हे समीकरण नेहमी टिकत नाही. बाजारात दालचिनी म्हणून जे मिळते ते पुष्कळदा कॅशियाची जाड साल असते, आणि तिच्यात कूमारिन हे यकृतास बाधक द्रव्य सिलोनी दालचिनीपेक्षा कितीतरी अधिक असते. युरोपीय अन्नसुरक्षा संस्थेने कूमारिनची दैनिक मर्यादा शरीराच्या किलोमागे ०.१ मिलिग्रॅम ठरविली आहे, आणि जर्मन तज्ज्ञांच्या हिशेबाने ६० किलो वजनाच्या प्रौढाने रोज सुमारे २ ग्रॅम कॅशियाची पूड खाल्ल्यास ती गाठली जाते. आयुष क्वाथ दिवसातून दोनदा घेणाऱ्याच्या वाट्यास साधारण १.३ ग्रॅम दालचिनी येते, म्हणजे तो मर्यादेच्या आत आहे. दुप्पट घट्ट करणारा मात्र बाहेर जातो. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने ‘कोकण तेज’ ही दालचिनीची जात प्रसारित केली असल्याने चांगली पातळ साल आपल्याकडेही पिकू शकते, पण वाण्याच्या डब्यातील साल कोणती हे गिऱ्हाइकाने विचारण्याची चाल अद्याप पडलेली नाही.

ज्येष्ठमध दीर्घकाळ घेतल्यास रक्तदाब वाढतो आणि रक्तातील पोटॅशियम घटते. पायपरीन अन्य द्रव्यांचे शोषण वाढविते : २० मिलिग्रॅम पायपरीन सोबत दिल्यास हळदीतील कर्क्युमिनचे शोषण वीस पट होते, असे बंगळुरूच्या संशोधकांनी १९९८ साली दाखविले. हा गुण त्रिकटूच्या, म्हणजे सुंठ, मिरे आणि पिंपळी या त्रयीच्या, जुन्या ख्यातीस पुष्टी देणारा असला, तरी जो रोगी अन्य गोळ्या घेत आहे त्याच्या बाबतीत तोच विचार करावयास लावणारा आहे. गुळवेलीचे प्रकरण अजून ताजे आहे. मुंबईतील यकृतविकारतज्ज्ञांनी २०२१ साली गुळवेल घेतल्यानंतर यकृतास इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने त्यावर असा जबाब दिला की, रुग्णांनी घेतलेली वेल खरी गुळवेल होती की तिच्यासारखी दिसणारी दुसरी जात, याची शहानिशा झालेली नाही. या उत्तराने मूळ आक्षेप खोडला जात नाही. वैद्यांना जर वेल ओळखण्यात चूक होण्याची भीती वाटते, तर सोसायटीच्या कुंपणावरून ती तोडून आणणाऱ्या गृहस्थाचे काय, हा प्रश्न उलट अधिकच तीव्र होतो.

राहिले तपमान. ६५ अंश सेल्सिअसहून अधिक ऊन पेये अन्ननलिकेच्या कर्करोगाच्या दृष्टीने संभाव्य धोकादायक असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन विभागाने २०१६ साली जाहीर केले. काढा चुलीवरून उतरवून थेट ओठांस लावण्यात शौर्य नाही.

अनिर्णित

कायद्यानेही या पेयाचे स्थान एकच ठरविलेले नाही. १९४० च्या औषध कायद्यात १९६४ साली आयुर्वेदीय औषधांचा समावेश झाला, त्यामुळे काढ्याची पुडी औषध म्हणून परवाना घेऊन विकता येते. आणि २०२२ च्या आयुर्वेद आहारविषयक नियमांनी तशाच द्रव्यांना खाद्यपदार्थांच्या कारभारातही दार उघडले आहे. कोणत्या खात्याकडे अर्ज केला यावर पुडीवरील मजकूर अवलंबून राहतो, आतील तुळस-मिऱ्यांवर नाही. रोगनिवारणाचा दावा, मात्रा आणि वर्ज्यावर्ज्य यांची जबाबदारी एका मार्गाने विक्रेत्यावर पडते आणि दुसऱ्या मार्गाने बरीचशी टळते.

वैद्यांमध्ये नित्यसेवनाचा प्रश्न मिटलेला नाही, तुळस-दुधाचा मिटलेला नाही, आणि पित्तप्रकृतीच्या माणसाला थंडीतही मिरे द्यावे की धण्या-जिऱ्यावर भागवावे याबद्दल दोन मते आहेतच. आधुनिक चाचणी करणाऱ्यांपुढील अडचण मात्र अगदी निराळ्या जातीची आहे. गोळीची बरोबरी करणारी निःसत्त्व गोळी बनविता येते, पण काढ्याची बरोबरी करणारा निःसत्त्व प्याला बनविणे दुर्घट. कारण तिखट नसलेला प्याला पिणाऱ्यास पहिल्याच घोटाला ओळखू येतो, आणि तो मिरची घालून तिखट केला तर मिरची त्याच ग्राहीवर कार्य करीत असल्याने तुलनेचा प्यालाच औषध होऊन बसतो. यातून निघण्याची एक तजवीज अशी सुचविता येईल की, काढा विरुद्ध काही नाही अशी तुलना न मांडता एकाच मिश्रणाचे ३, ६ आणि १२ ग्रॅम असे तीन प्याले समान तपमानाला द्यावे, आणि मात्रेबरोबर आराम वाढतो का, किती काळ टिकतो आणि कोणत्या मात्रेपासून जळजळ सुरू होते, एवढेच मोजावे.